बादलीतला नरकासुर

नरकचतुर्दशीची पहाट होती. धाकट्या नातवाची आंघोळ आटोपलेली, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून झालेलं, ‘गोविंदा गोविंदा’ ओरडून झालेलं, आणि आता तो आणखी एखादं कारीट मिळतं का ते शोधत होता. तेवढ्यात न्हाणीघरातून थोरलीची किंकाळी आली. डोक्यावर तेल थापलेलं, हातांना उटणं, आणि ती दारातच थिजलेली.

“आजोबा, बादलीत टॅरँटुला!”

धाकट्यानं चप्पल उचलली. “थांबा, मी फोडतो.”

एका पहाटेला एक नरकासुर पुरे, असं म्हणून मी त्याचा दंड धरला आणि आम्ही आत गेलो. निळी प्लॅस्टिकची बादली, रात्री उपडी घालायची राहून गेलेली. तळाशी एक कोळी. धड भुईमुगाच्या दाण्याएवढं, पाय धरून तळहाताच्या खळग्यात मावेल इतका. रंग वाळक्या पानाचा, पाठीवरून मधोमध एक फिकट पट्टा. आम्ही वाकलो तशी त्याची धावाधाव सुरू झाली. चार बोटं वर चढायचा, घसरायचा, पुन्हा तळाशी. पुन्हा चढायचा, पुन्हा घसरायचा.

“ह्याचं नाव सांगतो,” मी म्हटलं, “पण आधी तुम्ही सांगा, हा बादलीतून वर का येत नाहीये? देवघरामागचा तो मोठा कोळी तर फोटोच्या काचेवरनंसुद्धा पळतो.”

दोघं गप्प. हंड्यातलं पाणी निवत होतं. हिनं स्वयंपाकघरातून आवाज दिला की आंघोळी उजाडायच्या आत व्हायच्या असतात, कोळ्याचं लग्न मागाहून लावा. लग्नावरून बरी आठवण झाली. फडताळातून काचेचा पेला आणि एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आलो. बादली आडवी केली, पेला कोळ्यावर उपडा घातला, पत्रिका खालून हळूच सरकवली, आणि सगळं तसंच उचलून पडवीतल्या बाकावर नेऊन ठेवलं. घरी इतक्या पत्रिका येतात, त्यांचा ह्याहून बरा उपयोग मला अजून सापडलेला नाही.

फराळाची ताटं त्या पेल्याभोवतीच मांडली गेली. हिनं कपाळाला हात लावला, पण चकल्या वाढल्या. मी माझं जुनं भिंग काढलं. कृषी सहायक होतो तेव्हा भाताच्या चुडावरचे तुडतुडे ह्याच भिंगानं मोजायचो. आता सुपारीतली कीड बघायलाच ते बाहेर निघतं.

“आता बादलीचं कोडं,” मी सुरुवात केली. “कोळ्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. भिंतीवरच्या त्या मोठ्या कोळ्याला दोन नख्या आणि त्यांच्याखाली केसांचा दाट गोंडा असतो. त्या गोंड्याच्या जोरावर तो काचेला चिकटतो. ह्याला नख्या तीन, पण गोंडा नाही. नखीला अडकायला काहीतरी खडबडीत लागतं. माती, दगड, झाडाची साल, शेणानं सारवलेली जमीन. प्लॅस्टिकवर किंवा फरशीच्या गुळगुळीत टाकीत पडला, की अडकला. हा जमिनीवरचा प्राणी आहे. पाणी प्यायला किंवा किड्याच्या मागे आत आला असेल, आणि पडला विहिरीत.”

थोरलीनं भिंग हातात घेतलं होतं. पुण्याला असते, आठवीत आहे, आणि भीती एकदा ओसरली की तिच्या हातून वस्तू परत मिळत नाही. “आजोबा, ह्याला किती डोळे आहेत?”

“तूच मोज.”

मोजायला वेळ लागला, कारण कोळी फिरत होता आणि धाकट्याचं डोकं मध्ये मध्ये येत होतं. पण मोजले तिनं. समोर अगदी खाली चार, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक, एका ओळीत. त्यांच्यावर दोन टपोरे, पुढं बघणारे. आणि त्यांच्या मागं, जरा वर, टाळूच्या दोन बाजूंना आणखी दोन. चार, दोन, दोन. तीन मजले. कोळ्याची ओळख पटवताना मी बाकी सगळं विसरलो तरी एवढं विसरत नाही. रंगावर जाल तर फसाल, आकारावर जाल तर त्याहून जास्त फसाल. एकाच जातीचा कोळी लहानपणी काळपट आणि मोठेपणी भुरा असू शकतो. डोळ्यांची मांडणी मात्र जन्मापासून तीच.

खिडकीच्या चौकटीवर बसणारा तो लहानसा, राखाडी, उड्या मारणारा कोळी तुम्ही पाहिला असेल. त्याचे दोन मोठे डोळे अगदी पुढच्या ओळीत, मोटारीच्या दिव्यांसारखे. बोट पुढं केलं की सगळं अंग वळवून तो आपल्याकडे बघतो. तो चेहरा एकदा बघितला की ह्याच्याशी घोटाळा होत नाही. माळ्यावर जळमटं करणारा लांबटांग्या तर सोडूनच द्या. त्याचे पाय दोऱ्यासारखे, जाळ्याला धक्का लागला की अख्खा थरथरतो.

घोटाळा होतो तो देवघरामागच्या मोठ्याशी. त्याला शिकारी कोळी म्हणा. केळ्यांच्या घडांबरोबर आणि जहाजांतल्या मालाबरोबर तो जगभरच्या उष्ण मुलखांत पोचला आहे. पण तो चपटा असतो, दाराच्या फटीत शिरता यावा असा, आणि त्याचे पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना आडवे पसरतात. मादीच्या तोंडावर डोळ्यांच्या खाली पांढरट पट्टी असते, मिशी ठेवल्यासारखी. आमच्या घरात त्याला अभय आहे. देवाच्या मागं राहतो म्हणून नव्हे, झुरळं खातो म्हणून. पेल्यातल्या ह्या पाहुण्याचं अंग तसं चपटं नव्हतं. चांगलं उंच, भरलेलं, पाय अंगाखाली घेऊन धावायच्या तयारीत उभं.

“ह्याच्या ढुंगणाला काहीतरी चिकटलंय,” धाकटा ओरडला.

भिंग माझ्याकडे आलं. इतका वेळ आम्ही तोंडाकडंच बघत बसलो होतो. मागच्या टोकाला, जिथून सूत निघतं तिथं, वाटाण्याहून लहान एक गोळी चिकटलेली होती. करडी-पांढरी, आणि मधोमध शिवण घातल्यासारखी एक रेघ. बादलीत पन्नास वेळा घसरतानाही ती सुटली नव्हती.

“हा नाही रे, ही,” मी म्हटलं. “बाळंतपणाला निघालेली आहे.”

आता नाव सांगायला हरकत नव्हती. इंग्रजीत ह्या कुळाला वुल्फ स्पायडर म्हणतात, मराठीत लांडगा कोळी. शास्त्रातलं कुळाचं नाव लायकोसिडी, ग्रीकमधल्या लांडग्यावरूनच घेतलेलं. सुंडेवाल नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८३३ साली हे कुळ मांडलं, आणि आज जगात त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या जातींवर टिकादर आणि मल्होत्रा ह्या दोघांनी १९८० साली मोठं काम छापलं. त्यातल्या एका जातीला त्यांनी नाव दिलं लायकोसा पूनाएन्सिस. हे ऐकल्यावर थोरलीनं पेल्याकडे जरा माहेरच्या नजरेनं बघितलं.

नावाबद्दल माझी एक कुरकुर आहे. लांडगे कळपानं शिकार करतात, हे एकटे. लांडगा मैलोनमैल पाठलाग करतो. हे बहुतेक वेळ दबा धरून बसतात, जमिनीतून आणि पाचोळ्यातून येणारी थरथर पायांनी ऐकतात, आणि टप्प्यात आलं की एकच झेप. मांजर म्हटलं असतं तर जास्त शोभलं असतं. आणि मराठीतली अडचण तर आणखी मोठी. जाळं टाकतो तो कोळी, मग तो वेसाव्याचा असो की माळ्यावरचा. आणि ह्यांच्यातले बहुतेक तर जाळंच टाकत नाहीत. बिनजाळ्याचा कोळी.

थोरलीच्या टॅरँटुलालाही उत्तर द्यायचं होतं. ती अगदीच चुकली नव्हती. इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचं बंदर आहे. त्या भागातला एक मोठा लांडगा कोळी चावला की माणूस वेडा होतो आणि घाम गळेपर्यंत नाचला तरच वाचतो, अशी तिथं काही शतकं समजूत होती. टॅरँटेला नावाचं त्यांचं नृत्य त्याच नावाचं भावंड. मूळचा टॅरँटुला म्हणजे हाच, लांडगा कोळी. पुढं युरोपातले लोक अमेरिकेला गेले, तिथं त्यांना ह्याहून कितीतरी मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी घरचं नाव त्यांना चिकटवून टाकलं. आता मूळ मालकालाच कुणी त्या नावानं ओळखत नाही. आणि तारांतोच्या त्या दुखण्यामागं खरा हात बहुधा दुसऱ्याच एका काळ्या, विषारी कोळ्याचा होता.

“पण चावला तर?” धाकट्याचा प्रश्न.

दाबलं, चिरडायला गेलं, कपड्यात अडकला, तर चावतो. मुंगळ्याच्या किंवा मधमाशीच्या चाव्यासारखं दुखतं, लाल होतं, सुजतं, आणि उतरतं. ब्राझीलमध्ये मात्र बरीच वर्षं डॉक्टरसुद्धा मानायचे की ह्यांच्या चाव्यानं कातडी सडते. त्यावर प्रतिविषही निघालं होतं. मग १९९० साली साओ पाउलोच्या डॉक्टरांनी लांडगा कोळी चावल्याची ५१५ प्रकरणं तपासून छापली. दुखलं बहुतेकांना. कातडी सडल्याचं एकही प्रकरण नाही. ते काम दुसऱ्याच एका लहानशा, भुऱ्या कोळ्याचं होतं.

हे ऐकून ही म्हणाली, “तरी मागच्या पावसात माझ्या मानेवर कोळी मुतला होता, ते विसरलात?” विसरलो नव्हतो. कोळी माणसावर मुतत हिंडत नाही. पावसाळ्यात दिव्याला येणारा, काळा-केशरी, मुंगीसारखा लांबट एक किडा असतो. मानेवर बसला आणि झोपेत चिरडला, की त्याच्या अंगातल्या रसानं भाजल्यासारखी रेघ उठते. बिचारा कोळी तिथं हजरही नसतो. हे मी हिला गेल्या वर्षीही सांगितलं होतं. ह्या वर्षीही पटलेलं दिसलं नाही.

सकाळचं ऊन खळ्यात उतरलं तशी आम्ही कोळीण परत सोडली. गडग्याच्या कडेला, चिऱ्यांच्या फटीजवळ पेला आडवा केला. ती क्षणभर थांबली. मग मागच्या टोकाची गोळी जमिनीला घासू नये म्हणून पोट जरा उचलून धरलं आणि फटीत गेली. धाकटा पोटावर पालथा पडून बघत होता. अंगावरचा नवा सदरा, दिवाळीचा.

“ती गोळी काढून घेतली तर ती काय करील?”

हा प्रश्न फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्यालाही पडला होता. झाँ-आंरी फाब्र. आधी शाळामास्तर, मग आयुष्यभर किड्यांच्या मागे. १८२३ सालचा जन्म, ९१ वर्षं जगला. सेरिन्यां गावी त्याची एक ओसाड, दगडाळ जागा होती. तिथं तो उन्हात तासन्‌तास बसून अशाच मोठ्या लांडगा कोळिणींकडे बघायचा. त्या बिळाच्या तोंडाशी येऊन, अंड्यांची पिशवी उन्हाकडे धरून, आठवडेच्या आठवडे शेकत बसायच्या. फाब्रनं एकीची पिशवी काढून घेतली. ती चवताळली, चिमट्याला चावली. मग त्यानं तिच्यापुढं दुसरीची पिशवी टाकली. घेतली. मग त्यानं बुचाचा तुकडा कानशीनं घासून गोल केला आणि टाकला. तोही तिनं मागं चिकटवला आणि तितक्याच मायेनं वागवत हिंडली.

“म्हणजे तिला कळतच नाही?” थोरली जरा रागावली.

“तिला हवं असतं ते मागं असलेलं ओझं. गोल, हलकं, योग्य मापाचं.”

ही उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या परतत होती. म्हणाली, “तुमच्या बापाच्या वेळी इस्पितळात पाळण्याला नंबर लावला होता म्हणून बरं. नाहीतर मीही बुचच घेऊन आले असते.”

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर मी दोघांना बॅटरी दिली आणि दिवे नसलेल्या बाजूला, मांगराच्या मागं, कापणी झालेल्या भाताच्या मळ्यात नेलं. बॅटरी धरायची एक रीत आहे. हात खाली सोडून नाही, कानशिलाला टेकवून, डोळ्याच्या रेषेत. धाकट्यानं तशी धरली आणि पुढचं वाक्य अर्ध्यात सोडलं.

मळाभर ठिणग्या होत्या. हिरवट-निळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, कोरड्या खुंटांच्या मधून, बांधावर, पार कुंपणापर्यंत. दव आहे म्हणाली थोरली. दवही चमकतं, पण आपण पाऊल टाकलं की लुकलुकतं, विझतं, दुसरीकडे पेटतं. ह्या ठिणग्या स्थिर होत्या. एकीवर नजर धरून सरळ चालत जा, मी म्हटलं. ती गेली, दहा पावलं, वाकली, आणि ठिणगीच्या जागी एक कोळी होता, नखाएवढा.

म्हशीचे डोळे रात्री गाडीच्या उजेडात पेटतात ते बघितलेलं आहे ना? तेच इथं. ह्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. अंधारात जो काही चिमूटभर उजेड आत येतो तो त्या थरावर आपटून पुन्हा एकदा डोळ्यातून जातो, म्हणजे एकाच उजेडात दोनदा बघून होतं. उजेड जिथून आला तिकडेच परत फिरतो, म्हणून बॅटरी कानशिलाशी. खाली धरली असती तर ती चमक आपल्या पोटाकडे गेली असती आणि आपल्याला मळा रिकामा दिसला असता. मी तीस वर्षं असल्या मळ्यांतून फिरलो आणि हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, बॅटरी चुकून टोपीला लावली म्हणून.

आणि त्या मळ्यात उभं राहिल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवतेच. भाताच्या पाण्यात एक सडपातळ लांडगा कोळी असतो, पार्डोसा त्याचं नाव. पाण्यावरून पळतो, चुडांवर चढतो आणि तुडतुडे खातो, दिवसाला पाच ते पंधरा. ही सगळी गणितं पुढं कळली. त्या काळी तुडतुडा दिसला की औषध मारा, हा आमचा एकच मंत्र. मी स्वतः सांगत फिरलो आहे, सायकलवरून. एका वर्षी आमच्या वरच्या वाडीत फवारणी झाली, लोक खूश झाले, आणि तीन आठवड्यांत शेतांत मधोमध गोल गोल चट्टे पडले, वणवा लागल्यासारखे. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती चुडाच्या आवरणाच्या आत, औषध पोचत नाही तिथं. पाण्यावर उघडे फिरणारे कोळी मात्र पहिल्या फवाऱ्यात गेले. अंडी फुटली तेव्हा शेतात खाणारं कुणी उरलेलं नव्हतं. चट्टे पडलेल्या एका शेताच्या मालकानं मला शिवी दिली नाही. चहा दिला. तो चहा अजून घशाशी येतो.

मुलांना हे मी सांगितलं नाही. ती ठिणग्या मोजत होती. धाकट्याचं शंभरावर गेल्यावर भांडण झालं.

पाडव्याच्या पहाटे आणखी एक गंमत झाली. मळ्याच्या वरच्या अंगाला गवत आहे, त्यावर ठिकठिकाणी पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखी जाळी पसरलेली, दवानं जड झालेली, आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखं भोक. भोकाच्या तोंडाशी कोळी. थोरलीनं काडीनं हळूच रुमाल हलवला, तो सुसाट बाहेर आला, आणि ती डोळे बघायला गुडघ्यावर बसली.

“आजोबा, चार-दोन-दोनच आहे. पण तुम्ही तर म्हणालात, हे जाळं करत नाहीत!”

‘बहुतेक’ म्हणालो होतो. ही हिप्पासा, ह्याच कुळातली, पण जाळं न सोडलेली. आपल्याकडच्या माळांवर, बागांत, हिरवळीवर पुष्कळ. तिनं घरोघरच्या ओळखीचं गणित जरा बिघडवून ठेवलं आहे, आणि मला त्याबद्दल ती आवडते. जाळं आहे म्हणून लांडगा कोळी नाही, असं म्हणणाऱ्याला हिप्पासा उत्तर देते. ती बाहेर आली तेव्हा तिच्याही मागं गोळी होती, तिथंच चिकटवलेली. शिकारी कोळीण पिशवी छातीखाली धरते, आणखी एक जमात जबड्यात धरते. सुताच्या टोकाला टांगून हिंडणारी ती लांडगा कोळीण, जाळ्यात राहो की बिळात.

भाऊबीजेच्या रात्री मुलांचं सामान बांधून झालं. ओवाळणीच्या पैशांवरून रुसवे झाले, फुगे फुटले. निजायच्या आधी धाकट्यानं बॅटरी मागितली. कानशिलाला लावून तो एकटाच गडग्याकडे गेला आणि तिथून त्यानं हाक मारली ती ओरडून नाही, दबक्या आवाजात, देवळात मारतात तशी.

चिऱ्याच्या फटीशी एक कोळीण होती. तीच की दुसरी, कोण सांगणार. मागं गोळी नव्हती. पाठीवर मात्र सगळं अंग झाकून टाकणारं काहीतरी होतं, राखाडी, लोकरीसारखं, आणि ते हलत होतं. पिलं. अंडी फुटायच्या सुमाराला आईच पिशवीची शिवण जबड्यानं उसवते, आणि ती सगळी तिच्या पायांवरून चढून पाठीवर जातात. पाठीवरचे केस त्यांना धरायला मुठीसारखे उपयोगी पडतात, टोकाशी गाठ असलेले. तिच्या नेहमीच्या केसांपेक्षा वेगळे, खास त्यासाठी. आठवडाभर तरी ती तिथं राहतात, एकमेकांवर चढून दोन-तीन थरांत. खाणं नाही. अंगात साठलेल्या अंड्यातल्या बलकावर निघतं. मग एखाद्या उन्हाच्या सकाळी ती उंच काडीवर चढून, सुताचा तार वाऱ्यावर सोडून, एक एक करून जातात.

आईचे दोन डोळे बॅटरीत जळत होते. आणि तिच्या पाठीवर, भुकटी पेटल्यासारखी, बारीक चमचम.

“किती असतील?” थोरली मागून येऊन उभी होती.

“पन्नास. शंभर. मोज.”

ती मोजायला लागली. एक पिलू घसरून खाली पडलं. आई थांबली नाही, पण त्याला तिचा पाय सापडला आणि ते पुन्हा वर चढलं. धाकट्यानं बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती, हलू नये म्हणून.

आतून हिचा आवाज आला, की पहाटेची गाडी आहे, आणि न्हाणीघरातल्या बादल्या आज तरी उपड्या घाला.

“मी घालतो,” म्हणाला धाकटा, आणि बॅटरी बहिणीच्या हातात देऊन आत गेला.